तीन नंबर शाळेची मोजणी

रविवार, ५ जून

मत देऊन आले. केंद्र उघडलं तेव्हा रांगेत मी पहिली. टेबलामागे ओतिलिया बसली होती, निळा सूट, केसांना एकही पिन सुटलेली नाही. एकोणनव्वद सालापासून लिपोवेत्समध्ये प्रत्येक निवडणुकीत तीन नंबर शाळेची केंद्राध्यक्ष तीच. साठ वर्षांपूर्वी मठातल्या सिस्टरांच्या निवासी शाळेत आमचे पलंग शेजारी शेजारी होते. माझ्या नवऱ्याच्या शवपेटीमागे ती माझा हात धरून चालली. आणि आज मला म्हणते, "ओळखपत्र." मी म्हटलं, अगं, मी. ती म्हणाली, "दिसतंय. ओळखपत्र." मग फोटो बघितला, मला बघितलं, पुन्हा फोटो बघितला. मला इतका राग आला, आणि बाहेर आल्यावर वाटलं, सगळा देश हिच्यासारख्या बायकांच्या हातात दिला असता तर निवडणुकांची गरजच पडली नसती.

तिच्या डाव्या हाताला मिशीवाल्याच्या पक्षाकडून मोजणीचा सदस्य म्हणून आमच्या खालच्या मजल्यावरचा हिपोलित. रेल्वेतून निवृत्त, आता मधमाश्या पाळतो. आज इस्त्री केलेला शर्ट. मला मान लववून नमस्कार केला. मी केला नाही.

दोन्ही उमेदवारांची नावं या वहीत लिहिणार नाही. आमचा तो चष्मेवाला, त्यांचा तो मिशीवाला. एक माणूस आहे, दुसरा मिशी आहे.

रात्री नऊला टीव्हीवर अंदाज आले. चष्मेवाला पुढे, केसभर का होईना, पुढे. समोरच्या इमारतीतल्या खिडक्या उघडल्या, लोक ओरडायला लागले, केशकर्तनवाली व्हियोलेता अंगणात अनवाणी नाचली. मी पनीरचा केक भट्टीत टाकला. उद्या सकाळी हिपोलितरावांना स्वतः एक तुकडा नेऊन देणार आहे. सगळ्यात मोठा.

सोमवार, ६ जून

हरलो.

मी झोपले तेव्हा जिंकलेलो होतो. उठले तेव्हा मिशी टीव्हीवर हात हलवत होती. केक टेबलावर तसाच, वर साखर भुरभुरलेली.

आठ वाजता घंटी वाजली. हिपोलित. रात्रभर मोजणी करून डोळे लाल, दाढी वाढलेली. म्हणाला, "केक केलाय म्हणे." वास जिन्यात गेला असणार. मी सगळ्यात लहान तुकडा कापून दिला. त्याने तो जिन्यातच उभ्याने खाल्ला आणि म्हणाला, "लिंबाची साल थोडी जास्त झाली." मग खाली गेला आणि बाल्कनीत झेंडा लावला.

एकच सांत्वन. तीन नंबर शाळेच्या दारावर ओतिलियाने निकालाचा कागद लावला आहे. मी दुपारी जाऊन वाचला. चष्मेवाल्याला सातशेवर मतं, मिशीला चारशेसुद्धा नाहीत. अख्ख्या लिपोवेत्समध्ये, अख्ख्या जिल्ह्यात म्हणा, एकटी आमची शाळा शहाणी निघाली. मी तीनदा वाचला. खरं सांगायचं तर जरा नवल वाटलं. गिरणीमागच्या चाळी आमच्याच केंद्रात येतात आणि तिथे महिनाभर खिडकीखिडकीत मिशी टांगलेली होती. अग्निशमन दलाची घरंही आमच्याकडेच. पण माणूस खिडकीत एक टांगतो आणि पडद्यामागे, जिथे फक्त देव बघतो, तिथे दुसरं करतो. लाज शिल्लक आहे लोकांत. मी उगाच त्यांना नावं ठेवत आले.

बुधवार, ८ जून

गाव पेटलं आहे. रोज संध्याकाळी आठला आम्ही बाल्कनीत उभं राहून भांडी वाजवतो. मी सुपाचं मोठं पातेलं घेते, त्याचा आवाज खर्जातला आहे. हिपोलित खालून अग्निशमन दलाचं जुनं तुतारीसारखं शिंग फुंकतो. व्हियोलेताने दुकानावर पाटी लावली: मिशीवाल्यांचे केस कापले जाणार नाहीत. दुसऱ्या दिवशी खाटीक मारेकने पाटी लावली: चष्मेवाल्यांनी सॉसेज दुसरीकडून घ्यावेत. गावात खाटीक एकच आहे, त्यामुळे आमच्या बाजूचे लोक अचानक भाजीपाल्याचे गुण गायला लागले आहेत. भाच्याचा फोन आला, म्हणे या देशात राहणार नाही, पोर्तुगालला जातो. हे तो गेल्या तीन निवडणुकांपासून सांगतोय. मी म्हटलं, बाबा, जा तरी एकदा, मला अंजिरं पाठव.

आज बुधवारची कॉफी. ओतिलिया आली नाही. निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदा. फोन केला तर म्हणे, ख्रिस्तदेहाच्या सणाच्या मिरवणुकीसाठी चर्चच्या गायकवृंदाची तयारी करायची आहे. मी म्हटलं, अगं, तुझ्या केंद्राने आमची अब्रू राखली, सगळं गाव तुझं नाव घेतंय. ती म्हणाली, चुलीवर सूप आहे, फोन ठेवते. जूनमध्ये ती बीटाचं थंड सूप सोडून काही खात नाही, ते चुलीवर कशाला ठेवलंय देव जाणे. थकली असेल. एकाहत्तरीत रात्रभर मोजणी म्हणजे काय चेष्टा आहे.

शुक्रवार, १० जून

जिल्ह्याच्या शहरात जाऊन आले, न्यायालयासमोर. अंग दुखतंय, पण हे लिहिल्याशिवाय झोपणार नाही.

औषधाच्या दुकानातलं जुनं खोकं फाडून फलक केला होता. एका बाजूला मी रंगवलेलं "पुन्हा मोजा", दुसऱ्या बाजूला खोकल्याच्या औषधाची छापील जाहिरात. वाऱ्याने तो सारखा उलटत होता, त्यामुळे अर्धा वेळ मी खोकल्याविरुद्ध आंदोलन करत होते. पण काय माणसं आली होती! एक म्हातारा दोन्ही कुबड्या घेऊन बसने तीन तास प्रवास करून आला होता. तान्ही पोरं छातीशी बांधलेल्या मुली. एकीने मला न विचारता घडीचं स्टूल दिलं आणि स्वतः तापल्या फरशीवर बसली. कोणी कोणाला ओळखत नाही आणि चेरीची पिशवी हातोहात फिरतेय, बिया खिशात टाकल्या जातायत, रस्त्यावर एक नाही. मी मनात म्हटलं, ही माणसं हरलेली असूच शकत नाहीत.

एक गोष्ट मात्र आवडली नाही. बसथांब्यावर एक सिस्टर उभी होती, बिचारी दंतवैद्याकडे आली असावी, गाल सुजलेला. आमच्यातलाच एक दांडगट तिच्या पायाशी थुंकला. म्हणे, या चर्चवाल्यांनीच मिशीला निवडून दिलं. मी त्याला सांगितलं, या बाईला आणि तुला दोघांना एकेकच मत आहे, आणि तिने तोंड धुऊन दिलं असणार. तो गेला. सिस्टरने माझ्या फलकाकडे बघितलं आणि खोकल्याच्या औषधाचा भाव विचारला.

मी सगळ्यांना तीन नंबर शाळेबद्दल सांगत होते. एका वार्ताहर मुलीने कॅमेरा लावला. मी सांगितलं, जिथे प्रामाणिक बाई मोजते तिथे निकाल काय लागतो ते लिपोवेत्समध्ये येऊन बघा. संध्याकाळी तेवढंच दाखवलं, माझं आडनाव चुकवून. व्हियोलेता म्हणते, मावशी, तुम्ही देशभर पोचलात.

सोमवार, १३ जून

आज सगळं क्रमाने लिहिते.

ओतिलिया आली. बुधवार नव्हता. छत्री कोपऱ्यात ठेवली, खुर्चीच्या कडेवर बसली आणि म्हणाली, "तू टीव्हीवर आलीस म्हणून सांगायला आले. नाहीतर तुला लोकांकडून कळेल आणि तोंडघशी पडल्यासारखं होईल."

आकडे उलटे आहेत. सातशे मिशीचे, चारशेच्या आतले आमचे.

मी आधी हसले. मग तिने समजावून सांगितलं. त्या रविवारी दोन्ही बाजूंचे सदस्य दिवसभर एकमेकांच्या अंगावर जात होते, खिडकी उघडण्यावरूनसुद्धा. तेव्हा हिने ठरवलं, कोणी कोणावर संशय घ्यायला नको, प्रत्येकाने विरोधकाची मतं मोजायची. मिशीवाले चष्म्याचा गठ्ठा मोजतील, चष्मेवाले मिशीचा. हे खूळ कुठलं ते मला लगेच कळलं. सिस्टर बोनिफात्सिया आमच्या वह्या अशाच तपासायला द्यायची, जिच्याशी भांडण झालंय तिच्याकडे. तर मोजून झालं. प्रत्येकाने आपल्या गठ्ठ्याच्या पट्टीवर सही केली. आणि शेवटी कागद भरताना, उजाडायच्या सुमारास, ओतिलियाने सही बघून आकडा लिहिला. हिपोलितची सही, म्हणजे मिशी. सगळ्यांनी डोळे मिटत सह्या ठोकल्या. न्यायाचा अतिरेक केला आणि त्याच अतिरेकाने हिला खड्ड्यात घातलं.

सोमवारी झोपून उठल्यावर तिने दारावरचा कागद वाचला आणि तिला तिथेच कळलं. गिरणीमागच्या प्रत्येक घराला तिने भूगोल शिकवलाय. मंगळवारी निवडणूक कार्यालयात फोन केला. तिथला माणूस म्हणाला, बाई, पोती सीलबंद झाली, तक्रार कोणाची नाही, एकूण निकालात फरक पडत नाही, कशाला? शुक्रवारी पुन्हा केला. पुन्हा तेच. तेव्हा आता ती स्वतःच्याच केंद्राविरुद्ध न्यायालयात अर्ज करणार आहे.

मी तिला सगळं सांगून पाहिलं. मिशीवाले म्हणतील चोर सापडले, एक सापडला तर झाकलेले किती. म्हणाली, "म्हणतील." न्यायालयासमोर हजारो माणसं उभी आहेत, त्यांच्या पाठीत सुरा बसेल. म्हणाली, "बसेल." निकाल बदलत नाही. "नाही बदलत." मग कशासाठी, ओतिलिया?

"सातशे माणसांनी मला एक सांगितलं आणि मी दुसरंच लिहून दारावर लावलं, बोगू."

"ती माणसं चुकीची आहेत."

"असतील. मी त्यांना निवडायला नव्हते बसले. मोजायला बसले होते."

मी म्हटलं, निदान महिनाभर थांब, हा धुरळा बसू दे. तेव्हा तिने दारामागे उभ्या केलेल्या माझ्या खोक्याकडे बोट केलं. "त्याच्यावर काय लिहिलंयस?"

मी म्हटलं, ते वेगळं. ती म्हणाली, कसं वेगळं? मला काही सुचलं नाही, आणि मला काही सुचत नाही तेव्हा मी वाईट बोलते. मी म्हटलं, सिस्टरांनी तुला शहाणं नाही केलं, नुसतं आज्ञाधारक केलं. तिने छत्री उचलली. कॉफी तशीच राहिली.

ते वेगळंच आहे. का ते उद्या लिहीन.

मंगळवार, १४ जून

ते वेगळं का आहे हे अजून नीट मांडता येत नाही.

सकाळी मनात आलं, हिपोलितला कळलं असेल तर? चष्म्याचा गठ्ठा त्यानेच मोजला होता. त्याच्या मधाच्या पेट्या आम्हा सगळ्यांच्या भाजीच्या बागांच्या टोकाला आहेत. तिथे गेले. जाळीची टोपी घालून वाकला होता. मी लांबूनच विचारलं, आकड्यांत काही गडबड वाटली का हो तुम्हाला.

त्याने टोपी काढली. "सोमवारीच कळली. मी चारशेच्या आतच मोजले होते, पाठ दुखली नव्हती."

"मग बोलला का नाहीत?"

तो म्हणाला, पक्षाच्या कार्यालयात सांगितलं होतं. ते म्हणाले, आत्ता गप्प बसा. चष्मेवाल्यांना ओरडू दे "पुन्हा मोजा, पुन्हा मोजा." तक्रारीची मुदत संपायच्या आदल्या दिवशी आपण तीन नंबर शाळेचं प्रकरण बाहेर काढू. केंद्राध्यक्षासकट.

"आणि तुम्ही गप्प बसलात."

"बसलो," तो म्हणाला. मग पेटीवरची एक माशी बोटाने बाजूला करत म्हणाला, "चांगलं वाटत नाहीये."

मी पळतच ओतिलियाकडे गेले. या वयात पळणं म्हणजे काय ते माझा गुडघा सांगेल. म्हटलं, आता तरी हिला सांगायला हवं, अगं, तू म्हणत होतीस ते कर, आजच कर, नाहीतर ते तुला फाडून खातील. ती दारातच भेटली, टपाल कार्यालयातून परत येत होती. अर्ज पाठवल्याची पावती पाकिटात ठेवत होती. तिला त्यांच्या बेताचं काहीच माहीत नव्हतं. मी सांगितल्यावर एवढंच म्हणाली, "असं होय. बरं झालं रांग लहान होती."

मी जिन्यात बसून राहिले. तिने पाणी आणून दिलं. कालचा विषय काढला नाही, मीही काढला नाही.

गुरुवार, १६ जून, ख्रिस्तदेहाचा सण

बातमी कालच फुटली. कशी ते विचारू नये, टपाल कार्यालयातली तेरेसा व्हियोलेताकडे केस रंगवते.

सकाळी ओतिलियाच्या दारावर लाल रंगाने "चोर" लिहिलेलं होतं. त्याखाली खडूने, वेगळ्या अक्षरात, "फितूर." ती दाराला कुलूप लावत होती. म्हणाली, "दोन्ही पक्षांच्या सह्या झाल्या. कागद पूर्ण आहे." हसली नाही. पहिल्यांदा तिने चुकीची किल्ली लावली, ते मी बघितलं.

चर्चमध्ये गायकवृंद अर्धाच आलेला. वीस वर्षं ती तो चालवते. मिशीवाल्या बायका चोराच्या हाताखाली गायला तयार नाहीत, आमच्या बायका फितुराच्या. या एका मुद्द्यावर गावाची एकी झाली. पाद्रीबाबांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, यंदापुरतं ऑर्गनवाल्याला करू द्या. तिने वही त्याच्या हातात दिली आणि मिरवणुकीत साध्या माणसासारखी मागे जाऊन उभी राहिली.

तिच्या भोवती जागा सुटली. दोन्ही बाजूंना पावसाने धुतलेल्या फरशीसारखी मोकळी जागा. मारेक खाटकाने फुलं उधळणाऱ्या आपल्या नातीला दंड धरून पलीकडे नेलं. मी पाच ओळी मागे होते. माझे बूट नवे आहेत आणि चावतात, पुढे जाणं शक्यच नव्हतं. व्हियोलेता माझ्या शेजारी होती आणि सारखं काहीतरी कुजबुजत होती, तिला मध्येच सोडून जाणंही बरं दिसलं नसतं.

रस्त्यात मांडलेल्या चार वेदींपैकी दुसरीपाशी मिरवणूक थांबली. पवित्र छत्राच्या चार खांबांपैकी एक हिपोलितकडे असतो, त्याच्या वडलांकडेही होता, गावात यासाठी भांडणं होतात. त्याने तो खांब मागच्या माणसाच्या हातात दिला. मग सगळ्यांमधून चालत मागे आला आणि ओतिलियाच्या शेजारी उभा राहिला. पाद्रीबाबा प्रार्थना म्हणायचे थांबले. हिपोलित फार मोठ्याने बोलला नाही, पण माझ्या ओळीपर्यंत शब्द न् शब्द आला.

"त्या कागदावर माझीही सही आहे. आणि मला बाईंच्या आधी कळलं होतं, मी बोललो नाही. चोर म्हणायचं असेल तर मला आधी म्हणा."

मग दोघं चौथ्या वेदीपर्यंत बरोबर चालली. ती बारीक, तो अस्वलासारखा.

घरी येऊन मी बूट काढून भिंतीवर फेकले. साठ वर्षांची मैत्रीण माझी, आणि तिच्या शेजारी चालायला निघाला मिशीवाला. त्याची हिंमत कशी झाली.

शनिवार, १८ जून

ॲसिटोन, चिंध्या आणि जुने हातमोजे घेऊन ओतिलियाकडे गेले. लाल रंग दाराच्या रेषांत मुरला होता, तासभर घासला. ती बाहेर आली. म्हणाली, खालचं राहू दे, ते खडूचं आहे, पावसाने जाईल. मी म्हटलं, मी अर्धवट कामं करत नाही, आणि "फितूर" हाताने पुसलं. ते अक्षर मला ओळखीचं वाटलं. व्हियोलेताच्या दुकानावरच्या पाटीचा "र" असाच आहे. ओतिलियाला सांगितलं नाही. सोमवारी केस कापायला जाणार होते, तेवढं रद्द केलं.

बीटाचं थंड सूप जेवलो. तिने मुळा जास्त घातला होता. मी काही बोलले नाही, ती म्हणाली, "आज तुझी तब्येत बरी नाही वाटतं."

सोमवार, ४ जुलै

न्यायालयाने पोती उघडली. आकडे तिने सांगितले होते तसेच निघाले, दारावरचेच, फक्त जागा उलट. तीन नंबर शाळेत मिशी जिंकली. दारावर नवा कागद लागला. गिरणीमागच्या चाळीतली लोकं तो बघायला आली होती, गंभीर, रविवारचे कपडे घालून. मी त्यांना लाज वाटते असं म्हटलं होतं. त्यांना मुळीच वाटत नव्हती. एक म्हातारी कागदावर बोट फिरवून म्हणाली, आता बरोबर आहे, आणि पिशवी उचलून गेली. माझं तोंड कडू झालं. पण खोटं कशाला लिहू, मला ती म्हातारी आवडली.

सरकारी वकिलाने ओतिलियाला आणि हिपोलितला अख्खी सकाळ बसवून विचारलं. हेतू नव्हता हे मान्य झालं, खटला नाही. पण यापुढे तिला कोणत्याही केंद्रावर नेमणार नाहीत. ज्यांना तिने दोनदा फोन केला आणि ज्यांनी दोनदा "कशाला" म्हटलं, त्याच कार्यालयाचं हे पत्र. मी त्यांना काय म्हणायचं ते मोठ्याने म्हटलं, शेजाऱ्यांनी ऐकलं. ती म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं. चूक माझी होती." मी म्हटलं, चूक सगळ्यांची होती, कबूल तू केलीस. ती म्हणाली, मग ते त्यांनी त्यांच्या पत्रात लिहावं, माझ्या पत्रात माझंच येणार.

टीव्हीवर दोन मिनिटं आलं. त्यांचे म्हणाले, बघा चोर. आमचे म्हणाले, एक केंद्र चुकीचं म्हणजे सगळीच चुकीची. न्यायालयासमोरची गर्दी पांगली, शपथविधी ठरला, लोक समुद्रावर गेले. माझं पातेलं वाजवून वाजवून चेपलं आहे, त्यात सूप आता एका बाजूला उकळतं.

गायकवृंदातल्या बायका अजून आलेल्या नाहीत. रविवारी ऑर्गनवालाच होता. ओतिलिया मागच्या बाकावर बसते, आणि तिथूनही खालच्या स्वरात सूर बरोबर धरते. ऑर्गनवाल्याला कळत नाही की त्याच्या सुरात इतका ताठपणा कुठून आला.

शनिवार, २७ ऑगस्ट

आज लिहिण्यासारखं घडलं. महिनाभर नुसती काकड्यांची लोणची घातली, ते काय लिहायचं.

आमच्या बागांच्या मंडळाचा अध्यक्ष मुलीकडे शहरात राहायला गेला. जागा रिकामी. एका बाजूने हिपोलित उभा राहिला, दुसऱ्या बाजूने मी. मी उभी राहिले कारण पेट्या वाढल्या आहेत आणि माश्या माझ्या टोमॅटोवर येतात, आणि नळाच्या पाण्याची वेळ पाळली जात नाही. पण हे काही नळाबद्दल नव्हतं. साठ माणसं सभागृहात आली, सभागृह म्हणजे पत्र्याची शेड, आणि डावीकडे सगळे चष्मेवाले बसले, उजवीकडे सगळे मिशीवाले. मध्ये वाट. लोकांनी स्वतःच्या खुर्च्या घरून आणल्या होत्या, इतका कोणाचा कोणावर विश्वास.

मतदान झालं. चिठ्ठ्या झिंकच्या बादलीत. आणि मग मोजायला कोणी उठेना. म्हणजे दोघं उठले, आमची व्हियोलेता आणि त्यांचा मारेक, आणि दोघांनी एकमेकांना बादलीला हात लावू दिला नाही. व्हियोलेता म्हणाली, ज्याच्या तराजूवर सॉसेज जड होतं त्याने मोजू नये. मारेक म्हणाला, जिच्या दुकानात पिकलेले केस काळे होतात तिने तर मुळीच नाही. लोक उभे राहिले. कोणीतरी खुर्ची उचलली. मला वाटलं, आता इथेच पोलीस येतात.

मारेक बादलीची कडी धरून उभा होता, चेहरा लाल. एकाएकी म्हणाला, "ओतिलियाबाईंना बोलवा."

हा तोच मारेक, ज्याने नातीला दंड धरून पलीकडे नेलं होतं. व्हियोलेताने माझ्याकडे बघितलं, मग दुसरीकडे. मग बादलीपासून मागे सरत म्हणाली, "त्या मोजणार असतील तर चालेल."

ओतिलिया बैठकीला आलीच नव्हती. तिच्या तुकड्यात वालाच्या शेंगा तोडत होती. ती आली ती मातीने भरलेल्या हातांनी, आणि कोणी काही सांगायच्या आधी सगळ्यांकडे बघून तिला कळलं. म्हणाली, हात धुऊन येते. नळावर गेली. सगळी शेड पाण्याचा आवाज ऐकत बसली. मग तिने ॲप्रनला हात पुसले, चष्मा लावला, आणि एकेक चिठ्ठी उघडून, नाव वाचून, आधी डावीकडे दाखवून मग उजवीकडे दाखवून खाली ठेवली. दोन ढीग. दोन्ही मोजले. मग उलट्या दिशेने पुन्हा मोजले. मग ढिगांवरची नावं पुन्हा एकदा मोठ्याने वाचली.

"हिपोलित एकतीस. बोगुमिला एकोणतीस."

उजवीकडून टाळ्या. डावीकडून कुजबुज. व्हियोलेताने मला कोपराने ढोसलं. म्हणाली, "मावशी, दोनच मतं आहेत. आक्षेप घ्या."

ओतिलिया चष्म्यावरून माझ्याकडे बघत होती. वाट बघत होती. मी मागितलं असतं तर तिने पहिल्यापासून सगळं केलं असतं, तोंड वाकडं न करता. सगळी शेड माझ्याकडे बघत होती. तिच्या नखात माती होती.

मी म्हटलं, "बस खाली, व्हियोलेता. ओतिलियाने मोजलंय."

मग हिपोलितरावांचं अभिनंदन करायला उठले. हात पुढे केला. मधाच्या पेट्यांबद्दल काय वाटतं तेही त्याच दमात सांगून घेतलं. मागून मारेक ओतिलियाला विचारत होता, रविवारी गायकवृंदाचा सराव कधी ठेवायचा, बायकोला सांगायचं आहे.

दोन मतांनी हरले. इतकी नीट मी आयुष्यात कधी हरले नव्हते.